जाळीच्या शिवणीत

बादलीत टप्प करून काहीतरी पडलं. खडा असेल म्हणून तिने जाळी आणखी एकदा झटकली, शिवण उलटी करून नळाखाली धरली, आणि पाणी ओतून देण्याआधी आत डोकावायची जी सवय तिच्या हाडीमासी खिळली होती, त्या सवयीने वाकून पाहिलं. तळाशी गव्हाच्या दाण्याएवढी एक नळी होती. चकाकणाऱ्या वाळूचा कण कणाला चिकटवून केलेली. नळीच्या तोंडातून काळं डोकं बाहेर आलं, मग बारीक पाय आले, आणि ती अळी आपलं घर पाठीमागे ओढत बादलीच्या कडेकडे निघाली. न्हाणीघरात उकिडवी बसलेली ती तशीच बसून राहिली. नळ चालू होता. बाहेर बाल्कनीत बाबा तिच्या नवऱ्याला पुन्हा एकदा सांगत होते, की आपल्या मागचा ओढा जिवंत निघाला, आता त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. नवरा हो हो म्हणत होता. बाबांचा आवाज कितीतरी दिवसांनी भिंतीपलीकडून ऐकू येण्याइतका मोठा झाला होता.

ती वाळू तिच्या ओळखीची होती. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा आहे, त्याचा तळ उन्हात नुसता चमचमतो. ओढे तपासणाऱ्या तिच्या खात्याचा तो गुणी मुलगा. बाकीच्या सगळ्या ओढ्यांना त्याच्याशेजारी उभं करून नापास करायचं. घरामागच्या ओढ्याच्या तळाशी असली वाळू औषधालाही नाही. तिथे काळा गाळ, विटांचे तुकडे, बाटल्यांची बुचं. तिथल्या एखाद्या अळीने घर बांधायचं मनात आणलंच, तर ते फार तर बुचाच्या चुऱ्याचं होईल. म्हणजे ही डोंगराकडची पाहुणी. म्हणजे सकाळी आपण जाळी न धुताच मागच्या ओढ्यात उतरलो. म्हणजे पांढऱ्या ट्रेमध्ये दिसलेले ते तीन शेपट्यांचे किडे, ज्यांच्यासाठी आपण गमबुटांसकट नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, तेही... तिने वाक्य पुरं केलं नाही. नळ बंद केला. बंद केल्यावर बाबांचा आवाज आणखीच स्पष्ट आला, म्हणून पुन्हा सुरू केला.

खात्यात तिला किडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि खरं तर तिला ते आवडायचं. पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेणारे लोक वेगळे होते. त्यांना ती मनातून हलकं समजायची. बाटलीतलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. कारखान्याने रात्री काय सोडलं आणि पहाटे काय बंद केलं, ते पाण्याला सकाळी आठवत नाही. तळातल्या किड्यांना आठवतं. म्हणून पाण्यात उभं राहायचं, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची, पायाने तळ ढवळायचा आणि जे वाहत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये पालथं करून बसायचं. गाळ निवळतो, आणि मग एकेक जण हलायला लागतो. तीन शेपट्यांचे, पोटाशी कल्ले हलवणारे किडे निघाले की समजावं, पाण्यात प्राणवायू भरपूर आहे, ओढ्याची तब्येत ठणठणीत. नुसत्या लाल अळ्या निघाल्या की समजावं, कारभार आटोपला. लाल अळी कुठेही जगते. जिथे कुणी राहत नाही तिथे ती राहते. आणि खात्याचा नियम असा, की नाजूक किडा ज्या ओढ्यात सापडेल त्याच्यावर स्लॅब टाकता येत नाही. घरामागच्या ओढ्यावर स्लॅब टाकून त्यावर गाड्या लावायच्या, हे आजूबाजूच्या सगळ्या इमारतींनी मनाने कधीच करून टाकलं होतं. कोणाची गाडी कुठल्या कोपऱ्यात, हेही जवळपास ठरलेलं होतं. फक्त तिचा शेरा यायचा होता, आणि बैठक उद्या होती.

एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना जाळी धुवायची, उलटी करून उन्हात खडखडीत वाळवायची, मगच पुढे. हे ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायची. एकाच्या घरचं दुसऱ्याच्या ताटात वाढू नका रे, म्हणायची. आणि स्वतः? काल दुपारी ती डोंगराच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी असताना नवऱ्याचा फोन आला, की बाबांची लघवीची नळी पिशवीतून निसटली आहे, गादी ओली झाली आहे, आणि ते मला जवळ येऊ देत नाहीत, दार लावून बसलेत. तिने जाळी तशीच ओली गुंडाळली, गोणपाटात कोंबली आणि गाडीत टाकली. घरी पोचल्यावर जाळी कोणाच्या लक्षात राहणार? सकाळी गोणपाट तसंच उचलून मागच्या ओढ्यावर गेली. जाळी ओली होती. ओली आहे हे हाताला कळलं होतं. हाताला कळलेलं डोक्यापर्यंत पोचलं नाही, कारण डोक्यात रात्रभर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

आणि ते किडे सुस्त होते. हे तिला आत्ता आठवलं. ट्रेमध्ये ते हलत होते, पण जागच्या जागी. आणि तिने स्वतःशीच त्यांची बाजू घेतली होती, की बिचारे कसेबसे टिकून आहेत, असल्या पाण्यात सुस्त नसतील तर काय असतील. आता ते स्पिरिटच्या बाटलीत होते, लेबल लावून. बाटलीतला किडा आपलं गाव सांगत नाही. त्याच्यावर जे गाव लिहाल ते त्याचं. न्हाणीघराच्या दाराशी नवरा आला आणि काय चाललंय इतका वेळ, विचारलं. तिने बादली दाखवली आणि सांगितलं. त्याने वाकून पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. मग तो दार लोटून घेत हळू आवाजात म्हणाला की हे तुझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही, आणि ओढा वाचतोय तर वाचू दे की, यात कोणाचं काय जातं. बाबा बघ कसे बसलेत, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं तर इतकं सरळ होतं, की ते आपल्याला आधी का सुचलं नाही याचाच तिला राग आला, आणि मग कळलं की आधीच सुचलेलं आहे, आपण फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट पाहत होतो.

तिने अळीला कपात घेतलं. नळाचं पाणी, त्यात औषध, ती फार वेळ काढणार नाही हे माहीत असूनही. कप कपाटावर ठेवला, मग वाटलं कुणीतरी पिऊन टाकेल, म्हणून खिडकीत ठेवला, मग तिथे ऊन येतं म्हणून पुन्हा कपाटावर. संध्याकाळभर ती घरात अशीच फिरत राहिली. कपडे घडी केले, घडी केलेले पुन्हा उलगडले. तिला वाटलं, कदाचित वाळूची ती नळीच डोंगराची असेल आणि किडे मात्र इथलेच असतील. असं का असू नये? ओढ्याच्या वरच्या वळणावर अजून झाडं आहेत, तिथे पाणी दगडावरून उडी मारतं, एखादं कुटुंब तग धरून राहिलं असेल. माणसं राहतातच ना. पुलाखाली राहतात, जिन्याखाली राहतात. मग तिला स्वतःची युक्ती ओळखू आली. एखाद्या पोराने उत्तर आधी लिहून नंतर गणित जुळवावं तसं चाललं होतं. साहेबांचा फोनही त्याच वेळी आला. सकाळी तिनेच उत्साहाच्या भरात त्यांना कळवलं होतं. ते म्हणाले की त्यांनी वरपर्यंत सांगून टाकलंय, इतक्या वर्षांत एखाद्या ओढ्याबद्दल चांगली बातमी द्यायची वेळ पहिल्यांदाच आली, बायकोलासुद्धा सांगितलं. तिने फक्त हो साहेब म्हटलं.

जेवताना बाबांनी भात मागून घेतला. मागून घेतला, हे नवऱ्याने डोळ्यांनी तिला दाखवलं. नळी बसवल्यापासून ते ताटावर नुसते बसत. पाणी तर पीतच नसत, कारण पाणी प्यायलं की पिशवी भरणार आणि पिशवी भरली की मुलीला बोलवावं लागणार. तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात काढली होती. वॉर्डातले मामा. झाकलेली भांडी घेऊन ते लांबलचक व्हरांड्यातून चालत, आणि शाळा सुटल्यावर ती त्यांच्यामागे फिनेलच्या वासातून चालायची. रोगी शरमले की ते म्हणत, अहो घाण काय कुणाच्या बापाची असते, शरीर आहे तर होणारच. माणसं हसायची. हसता हसता मोकळी व्हायची. तिला वाटायचं, आपले बाबा जादूगार आहेत. तेच बाबा आता, ती पिशवीची कळ उघडायला वाकली की भिंतीकडे तोंड करतात. एकदा तिने त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "ते दुसऱ्यांसाठी असतं गं." नवऱ्याला तर ते हातच लावू देत नाहीत, जावयाने हे करायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. परगावी असलेला भाऊ फोनवर म्हणतो, बाई ठेव कामाला. जसं काही बाईसमोर ते भिंतीकडे तोंड करणार नाहीत.

दिवसभर त्यांना बाल्कनीतून तो ओढा दिसतो. बाकी काही दिसत नाही. समोर इमारतींच्या पाठी आणि मधून ही काळी पट्टी. त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, पण ती सकाळी गमबूट चढवून खाली गेली तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बसले होते, आणि वर येऊन तिने सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी गुडघ्यावर थाप मारली होती. आणि आता खरं सांगायचं म्हणजे नुसतं ओढा मेला एवढं सांगून भागणार नव्हतं. ते विचारणार, जाळी का नाही धुतलीस. तुझ्यासारखी पोर जाळी धुवायला विसरते कशी? मग कालचा फोन सांगावा लागणार. नळी, गादी, बंद दार. खोटं सांगावं तर उद्याच्या बैठकीत जन्माचं खोटं, आणि खरं सांगावं तर या माणसाला सांगायचं की तुमच्या पिशवीपायी झालं. तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो सगळा प्यायला. तिला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी कप पाहिला तर अळी नळीतून अर्धी बाहेर येऊन निपचित पडली होती. तिने ती रडण्यासारखी गोष्ट नाही असं ठरवलं. खात्यातली दुसरी जाळी माळ्यावर होती, कोरी, कित्येक महिन्यांची वाळलेली. ती तिने तरीही उकळत्या पाण्यातून काढली. नवरा कामाला गेला होता. बाबांना खाली जाऊन येते एवढंच म्हणाली. तीन मजले उतरताना तिने काही मागितलं नाही, कारण मागायचं कुणाकडे आणि काय. पण ओढ्याच्या काठाशी गमबूट चढवताना तिला जाणवलं, की आपण ओठ हलवतोय. पाणी कोमट होतं. पाय घातल्याबरोबर तळातून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास. तिने वरच्या वळणापर्यंत जाऊन, दगडावरून पाणी उडी मारतं तिथे जाळी धरली. टाचेने तळ ढवळला. गाळ ढगासारखा उठला. पुन्हा ढवळला, नियमात आहे त्याहून जास्त, टाच दुखेपर्यंत. ट्रे काठावर ठेवून त्यात सगळं पालथं केलं आणि गाळ निवळायची वाट पाहत बसली, आणि पाठीमागून कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "दाखव की तुझा तो किडा."

बाबा होते. एका हाताने कुंपणाची तार धरून, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि तिच्या आत ती पिशवी, नळी लेंग्यातून निघून तिच्यात गेलेली. महिनोन्‌महिने उंबरा न ओलांडलेला माणूस तीन मजले उतरून आला होता. एकटे कसे आलात, पडला असतात तर, असं ती म्हणाली. ते म्हणाले, पडलो नाही ना. मग ते एका पडक्या कठड्यावर टेकले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ट्रेवर वाकले. गाळ निवळत होता. पांढऱ्या तळावर एकेक लाल रेघ दिसायला लागली, वळवळणारी, आठचा आकडा करून सुटणारी. मग एक जळू. मग पुन्हा लाल, लाल, लाल. ती शोधत राहिली. पान उलटं केलं, दगडाची खालची बाजू पाहिली. त्यांची दृष्टी अधू होती. यातल्या कशालाही बोट दाखवून हाच तो म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुन्हा तीन मजले चढून गेले असते, खुशीत. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं.

"तो नाहीये बाबा," ती म्हणाली. "कालही नव्हता."

आणि मग सगळं सांगितलं. जाळी, डोंगराचा ओढा, शिवण, वाळूचं घर. नवऱ्याच्या फोनापाशी आली तेव्हा थांबली, पण त्यांनी मान वर करून पाहिलं, म्हणून तेही सांगितलं. सांगताना ट्रेकडे बघत राहिली. पाण्याचा आवाज येत होता, मधेच कुणाच्या तरी मोरीचा नळ ओढ्यात मोकळा झाला. ते दुखावले होते आणि ते लपवत नव्हते. खालचा ओठ दातांत धरला होता. शेवटी म्हणाले, साहेबांना सांगितलंस का? नाही म्हणाली. मग आत्ता सांग, म्हणाले. माझ्यासमोर सांग.

पाण्याच्या कडेला उभं राहून तिने फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं. मधेच एकदा अरे देवा म्हणाले. मग त्यांनी विचारलं की दुसऱ्यांदा पाहिलंत त्यात काहीच नाही का? लाल अळ्या आहेत, ती म्हणाली. म्हणजे काहीच नाही, साहेब म्हणाले; तिला दोष देत नव्हते, फक्त थकले होते. मग मृत असा शेरा टाकतो, बैठकीला तसंच जाऊ दे, स्लॅबचं ते बघतील. ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची किळस आली.

बाबा उठायला लागले तेव्हा तिला दिसलं, कापडी पिशवी जड झाली होती. रात्रीचं सगळं पाणी. आतली पिशवी तट्ट फुगली होती, आता लगेच रिकामी करायला हवी होती, आणि वर तीन मजले. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, द्या, इथेच ओतते. ते मागे सरले.

"इथेच ओतते बाबा. कोण बघतंय? सगळ्यांच्या मोऱ्या यातच येतात. आता काय फरक पडतो त्याला?"

"नको."

"अहो पण फुटेल ती."

"त्यात नको. जीव आहेत त्यात," ते म्हणाले, आणि ट्रेकडे बोट दाखवलं. चिडले होते. "हे काय मग? हलतायत की. तू मला आत्ता दाखवलेस."

ट्रे तिथेच राहिला होता. तिने तो उचलला. एरवी ती झटकून मोकळी होते. आता ती गुडघ्यावर बसली, ट्रेची कड पाण्याला लावली आणि तो हळूहळू तिरका केला. लाल रेघा एकेक करून काळ्या पाण्यात गेल्या, जळू शेवटी गेली. ती उठली तेव्हा बाबा जिन्याच्या दिशेने निघालेही होते. पहिल्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले, छाती वरखाली होत होती. तिने फोन काढला आणि साहेबांना पुन्हा लावला. मृत लिहू नका, म्हणाली. आजारी आहे. साहेब म्हणाले की आजारी असा शेरा आपल्याकडे नाही, आणि त्याने स्लॅब टळेल असं तुम्हाला वाटतंय का? तिला तसं वाटत नव्हतं, आणि तिने ते सांगितलं. पण मेलेला नाही तो साहेब, म्हणाली, त्यातले जीव मी आत्ता हाताने सोडून आलेय. बैठकीला मी येते, मी उभी राहून सांगते. मग साहेब म्हणाले, या.

दुसरा जिना सुरू झाला. बाबांना एका हाताने कठडा धरावा लागत होता आणि दुसऱ्या हातातली पिशवी पायरीला घासत होती, म्हणून ती पुढे होऊन पायरीवर उभी राहिली आणि ती त्यांच्या हातातून घेतली. यावेळी त्यांनी दिली. भिंत अगदी जवळ होती, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. कापडातून ती कोमट लागत होती आणि जड. नळी ताणली जाऊ नये म्हणून तिने ती छातीशी उचलून धरली, तशी ते वॉर्डातल्या आवाजात ओरडले.

"वर नको धरू. कंबरेच्या खाली धर. वर धरलंस तर उलटं आत येतं, मग ताप चढतो. इतके दिवस करतेस आणि एवढं माहीत नाही?"

माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. ती दोन पायऱ्या उतरली, त्यांच्या मागे आली, वाकून पिशवी खाली धरली आणि त्यांनी पाय उचलायची वाट पाहू लागली.